महाडच्या दाव्यापासून सुरुवात: शाळेत न्यायालय कसे शिकवावे

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण कोकणातल्या मुलाच्या कानांवर न्यायव्यवस्थेचा धडा येण्याच्या कितीतरी आधी पडलेली असते. बागेच्या गडग्याचा, सामाईक विहिरीचा किंवा सातबाऱ्यावरच्या कुळाच्या नोंदीचा वाद आजोबांच्या काळापासून चालू असतो, आणि घरातले कोणीतरी महिन्या-दोन महिन्यांनी पिशवीत कागद घालून सकाळच्या एसटीने ‘तारखेला’ जाऊन येत असते. मग आठवीच्या राज्यशास्त्रात त्या मुलासमोर वर सर्वोच्च न्यायालय, त्याखाली उच्च न्यायालय आणि तळाशी जिल्हा न्यायालय असा तक्ता येतो. तो तक्ता पाठ करतो, परीक्षेत नीट काढूनही दाखवतो, परंतु घरातल्या पिशवीतले कागद आणि हा तक्ता यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्याला कळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मीही अनेक वर्षे हा धडा तक्त्यावरूनच शिकवला. आता मी तो खऱ्या खटल्यांवरून शिकवते, आणि ज्या शिक्षकांना तसे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी ती पद्धत येथे मांडत आहे.

पद्धतीचा गाभा असा की पुष्कळ खटल्यांची ओझरती ओळख करून देण्याऐवजी एकच खटला अगदी खालच्या न्यायालयापासून वरपर्यंत मुलांबरोबर चालत न्यावा, आणि निकाल शक्य तितका उशिरा सांगावा. निकाल आधी कळला की मुले वादी-प्रतिवादींची बाजू ऐकेनाशी होतात, कारण कोण बरोबर होते हे त्यांना आधीच समजलेले असते. न्यायाधीशाला मात्र ही सोय नसते, आणि त्याची ती अवस्था मुलांनी अनुभवावी हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

खटला निवडताना

खटला निकाली निघालेला असावा, त्यातले पक्षकार सार्वजनिक इतिहासाचा भाग झालेले असावेत आणि वादाचा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात सांगता यावा. दोन्ही बाजूंकडे न्यायालयासमोर मांडण्यासारखे काही असणेही आवश्यक आहे. नाहीतर मुलांना युक्तिवाद म्हणजे काय ते कळत नाही. यातली पहिली अट मी एका वर्षी मोडली होती. गावातल्याच एका पाखाडीच्या, म्हणजे पायवाटेच्या वहिवाटीचा दावा तेव्हा तालुक्याच्या न्यायालयात चालू होता, आणि मुलांना जवळचे उदाहरण मिळावे म्हणून मी तो फळ्यावर मांडला. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आले की दुसऱ्या बाकावरची एक मुलगी वही मिटून खाली मान घालून बसली आहे. तिचे वडील त्या दाव्यात प्रतिवादी होते. ती पुढचे दोन दिवस शाळेत आली नाही, आणि मी तिच्या घरी जाऊन आईची क्षमा मागितली. तेव्हापासून चालू असलेला स्थानिक वाद मी वर्गात कधीही आणलेला नाही, आणि कोणीही आणू नये असे माझे ठाम मत आहे.

कोकणातल्या शिक्षकाला या सर्व अटी पुऱ्या करणारा खटला शोधायला दूर जावे लागत नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा जवळजवळ कोणालाच ठाऊक नसतो. मी याच दाव्याला पाच तासिका देते.

चवदार तळ्याचा दावा

पहिल्या तासिकेत केवळ घटनाक्रम सांगावा. समाजसुधारक सी. के. बोले यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे व विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्यायले. त्यानंतर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला, गोमूत्र-शेण घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार हे जाहीर झाल्यावर महाडमधील काही सवर्ण मंडळी न्यायालयात गेली.

येथे थांबून मुलांना विचारावे की एवढ्या घटनांतून न्यायालयात जाण्यासारख्या गोष्टी किती. हल्ल्याबद्दल फौजदारी खटला झाला आणि त्यात काही हल्लेखोरांना शिक्षाही झाली. तळ्यावर हक्क कोणाचा, हा मात्र दिवाणी दावा झाला. एकाच प्रसंगातून निघालेल्या या दोन वाटा दाखवल्या की दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक व्याख्येशिवाय कळतो: फौजदारी खटल्यात सरकार आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून उभे असते, तर दिवाणी दाव्यात एक पक्ष दुसऱ्या पक्षाविरुद्ध आपला हक्क ठरवून मागत असतो.

दुसऱ्या तासिकेला फळ्यावर ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ असे दोन शब्द लिहून बाबासाहेबांचे नाव कोणत्या शब्दाखाली लिहायचे ते विचारावे. वर्ग एकमुखाने वादी म्हणतो, कारण हक्क मागणारे तेच होते. ते नाव प्रतिवादीखाली लिहिले की वर्गात कुजबुज सुरू होते. एका मुलाने मला विचारले होते, “बाई, म्हणजे बाबासाहेब आरोपी होते?” हा प्रश्न कोणी विचारला नाही तर शिक्षकाने स्वतः उपस्थित करावा, कारण आरोपी, प्रतिवादी आणि गुन्हेगार हे तीन शब्द आपल्या बोलण्यात एकाच अर्थाने फिरत असतात. दाव्यात ज्याच्याविरुद्ध मागणी आहे तो प्रतिवादी. त्याने काही गुन्हा केलेला असतो असे नाही. महाडच्या दाव्यात बाबासाहेब आणि त्यांचे काही सहकारी संपूर्ण समाजाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केले गेले होते. हजारो माणसांवर वेगवेगळे दावे लावता येत नाहीत, म्हणून कायद्याने अशी प्रातिनिधिक दाव्याची सोय ठेवलेली आहे, हेही येथेच सांगून टाकावे.

त्यानंतर दाव्याचे मुद्दे काढायचे. न्यायालय वाद-प्रतिवादातून मुद्दे निश्चित करते आणि निकाल त्या मुद्द्यांवरच देते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात ठळकपणे येत नाही, परंतु माझ्या मते संपूर्ण धड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. वादींचे म्हणणे असे की तळे आपल्या खाजगी मालकीचे आहे, आणि तसे नसले तरी अस्पृश्यांना त्याचे पाणी न घेऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आलेली आहे. प्रतिवादींचे म्हणणे असे की तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक आहे, आणि अशी कोणतीही कायदेशीर वहिवाट नाही. मुलांना गटांत बसवून यातून प्रश्न लिहायला सांगावे. ‘अस्पृश्यता योग्य की अयोग्य’ हा प्रश्न प्रत्येक गटाच्या कागदावर पहिला असतो. तो खोडू नये. फक्त बाजूला काढून ठेवावा आणि वादींनी न्यायालयापुढे तो ठेवला होता का, एवढे विचारावे. हळूहळू कागदावर तीन प्रश्न उरतात: तळे कोणाचे, सांगितलेली वहिवाट खरोखर अनादी काळापासूनची आहे का, आणि ती तशी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची.

तिसऱ्या तासिकेत मुले स्वतः उभी राहून बोलतात. महाडच्या न्यायालयाने १४ डिसेंबर १९२७ रोजी प्रतिवादींना तळ्यावर जाण्यास तात्पुरती बंदी घालणारा मनाई हुकूम दिला, आणि सत्याग्रहाची परिषद २५ डिसेंबरला भरायची होती. वर्गाचे दोन भाग करून एकाने मनाई हुकूम मागावा व दुसऱ्याने विरोध करावा. त्यासाठी न्यायालय ज्या तीन गोष्टी तपासते त्या आधी समजावून द्याव्यात: मागणाऱ्याच्या बाजूत प्रथमदर्शनी काही तथ्य दिसते का, हुकूम न दिल्यास त्याचे भरून न येणारे नुकसान होईल का, आणि हुकूम दिल्याने कोणाची गैरसोय अधिक होईल. कोणत्या मुलाने कोणती बाजू घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे; आपल्या जातीची किंवा आपल्याला पटणारी बाजूच मुलाच्या वाट्याला येईल अशी रचना शिक्षकाने करू नये, आणि अप्रिय बाजू मांडणाऱ्या मुलांना ‘तुम्ही वकील आहात, ते तुमचे स्वतःचे मत नव्हे’ असे सर्वांसमोर स्पष्ट सांगावे. वर्गात कोणाला हा विषय मनाला लागण्यासारखा असेल तर त्याला न्यायाधीशाच्या किंवा टिपणे घेणाऱ्या शिरस्तेदाराच्या जागी बसवावे.

यानंतर पुढे काय झाले ते सांगावे. हुकूम लागू असतानाच हजारो माणसे महाडला जमली, आणि दावा न्यायालयात आहे म्हणून सत्याग्रह तहकूब करण्यात आला. मनुस्मृतीचे दहन याच परिषदेत झाले. आपल्याविरुद्ध गेलेला हुकूम बाबासाहेबांनी का पाळला असेल, यावर वर्गाला बोलू द्यावे आणि शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्याच न्यायालयाने तो मनाई हुकूम उठवला.

चौथी तासिका पुराव्याची. ‘अनादी काळापासून’ हे सिद्ध कसे करायचे? मी मुलांना शिमग्याकडे नेते. पालखी आमच्या वाडीत आधी कोणत्या अंगणात टेकते, असे विचारले की उत्तर मिळते, ‘पहिल्यापासून असेच आहे.’ मग प्रश्नांची साखळी सुरू करायची. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे कोणी पाहिले, त्या माणसाचे वय काय, त्याच्या आजोबांनी सांगितले तर ते आजोबा न्यायालयात येऊन उलटतपासणी देऊ शकतील का, कुठे लिहून ठेवले आहे का, आणि लिहून ठेवले असेल तर ते कोणी व कशासाठी लिहिले. पाच-सहा प्रश्नांतच मुलांच्या लक्षात येते की जिवंत साक्षीदाराची आठवण साठ-सत्तर वर्षांपलीकडे जात नाही, आणि ‘पहिल्यापासून’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. मानपानाचे वाद गावात चालू असतील तर पालखी टाळून शाळेच्या एखाद्या निरुपद्रवी प्रथेवर हाच प्रयोग करावा.

पाचव्या तासिकेला निकाल. महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयात केलेले अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले. वादी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तेथे १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्या पीठाने दुसरे अपीलही फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे, आणि वादी म्हणतात ती वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे त्यांनी सिद्ध केलेले नाही, असे उच्च न्यायालयाने म्हटले. (१९२२ मध्ये अहमदाबादेत महात्मा गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ब्रूमफील्डच होते, मुलांना हे सांगितले की न्यायाधीश हा एक माणूस म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो.)

निकाल ऐकून आनंद होतो आणि लगेच निराशाही होते. अस्पृश्यता चुकीची आहे असे न्यायालयाने का म्हटले नाही, हा प्रश्न येतोच, आणि याच क्षणासाठी दुसऱ्या तासिकेतले मुद्द्यांचे कागद जपून ठेवायचे असतात. बाजूला काढून ठेवलेला पहिला प्रश्न न्यायालयासमोर नव्हता. सिद्ध करण्याची जबाबदारी वादींची होती आणि त्यांना ती पेलली नाही. न्यायालय आपल्याला हवे ते बोलत नाही, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, हे मुलांना पटायला एक पूर्ण तासिका लागते. ती खुशाल द्यावी.

मग तक्ता

तक्ता आता काढावा. मुलांना तो आता महाड, ठाणे आणि मुंबई असा चढत गेलेला दिसतो. पहिले न्यायालय साक्षीदारांना समोर पाहते, पहिल्या अपिलात पुरावा पुन्हा तपासला जातो, आणि दुसरे अपील सर्वसाधारणपणे कायद्याच्या प्रश्नापुरतेच चालते, हे तक्त्याच्या प्रत्येक पायरीशेजारी लिहावे. त्यानंतर आपल्या तालुक्यातला दावा आज कोणत्या मार्गाने जाईल ते मुलांनी स्वतः काढावे. येथे जुनी पुस्तके अपुरी पडतात: ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथे सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत, तर रायगडची प्रकरणे मुंबईतच चालतात.

कोकणात एक गोष्ट जोडावीच लागते. मुले घरी कुळाच्या प्रकरणांबद्दल ऐकतात आणि ती तहसीलदारांकडे का चालतात हे त्यांना उमगत नाही. कूळ कायदा १९४८ चा, त्यातला कृषकदिन (कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस) १ एप्रिल १९५७ चा, आणि जमीन कसणारा माणूस कूळ आहे की नाही हा प्रश्न त्या कायद्याने दिवाणी न्यायालयाकडून काढून महसुली अधिकाऱ्यांकडे सोपवला आहे. दिवाणी दाव्यात असा मुद्दा निघाला तर न्यायालय तो तहसीलदारांकडे पाठवते. कोणता प्रश्न कोणी ऐकायचा, हे आधी ठरलेले असते, एवढे यातून कळले तरी पुरे.

फौजदारी खटल्यासाठी टिळक

टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, त्यामुळे १९०८ चा राजद्रोहाचा खटला मुलांना आपला वाटतो. त्याला दोन तासिका पुरतात. केसरीतील मराठी लेखांवरून आरोप ठेवला गेला. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. आणि सात विरुद्ध दोन अशा मताने टिळकांना दोषी ठरवण्यात आले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ मध्ये बॅरिस्टर असताना टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. वकील आणि न्यायाधीश या दोन भूमिकांविषयी वर्गात यावरून चांगली चर्चा होते.

मात्र मला सर्वांत उपयोगी वाटतो तो भाषांतराचा मुद्दा. लेख मराठीत, आणि ज्यूरीपुढे गेले ते त्यांचे इंग्रजी भाषांतर. टिळकांनी आपल्या बचावात भाषांतरातल्या शब्दांवर सविस्तर आक्षेप घेतले. मुलांना एखादे साधे मराठी वाक्य, उदाहरणार्थ ‘त्याची चांगलीच जिरली’, इंग्रजीत करायला सांगावे आणि पाच मुलांची पाच भाषांतरे फळ्यावर लिहून कोणत्या वाक्यात द्वेष अधिक दिसतो ते विचारावे. शब्दावरून माणूस सहा वर्षे मंडालेला जाऊ शकतो हे मग वेगळे सांगावे लागत नाही. आज आपल्याकडे ज्यूरी नाही आणि तालुका-जिल्हा न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते, हेही जोडावे. १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, ज्या दालनात शिक्षा सुनावली गेली त्याच्याबाहेर, शिक्षेपूर्वीचे टिळकांचे उद्गार कोरलेली पाटी मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते लावली गेली.

वेळ उरल्यास केरळमधील तीन शाळकरी भावंडांचा खटला घ्यावा. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. मुले आपल्याच वयाची असल्यामुळे वर्ग यावर हिरिरीने बोलतो.

न्यायालयाची भेट

भेट शेवटी ठेवावी, कारण आधी नेले तर मुलांना फक्त काळे कोट दिसतात. तालुका विधी सेवा समितीकडे मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र आधी द्यावे. कायदेविषयक साक्षरतेचे काम त्यांच्याकडेच असते, आणि कोणत्या दिवशी मुलांनी पाहण्यासारखे कामकाज आहे तेही तेथून कळते. न्यायालय सर्वांना खुले असते हे खरे, पण बालकांवरील अत्याचारांची प्रकरणे बंद दाराआड चालतात, आणि त्यातील पीडितांची ओळख कुठेही उघड करायची नसते, हे मुलांना निघण्यापूर्वी सांगावे. फोन शाळेतच ठेवावेत. पंधरा-वीस मुलांपेक्षा मोठा गट नेऊ नये.

आत काय पाहायचे तेही ठरवून द्यावे. आमच्या मागच्या भेटीत मुलांना दाराशी लावलेला त्या दिवसाचा बोर्ड वाचायला सांगितले होते. पट्टेवाल्याने दारात येऊन एका पक्षकाराचे नाव तीनदा पुकारले, कोणी आले नाही, आणि पुढची तारीख पडली. नंतर एक वृद्ध गृहस्थ साक्षीसाठी पिंजऱ्यात उभे राहिले. ते घाईने बोलू लागले तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना थांबवले आणि त्यांचे एकेक वाक्य टंकलेखकाला सांगून उतरवून घेतले, शेवटी ते त्यांना वाचून दाखवले आणि मगच सही घेतली. सिनेमातल्या न्यायालयाची सवय असलेल्या मुलांना हा संथपणा आधी कंटाळवाणा वाटला. परत येताना एक मुलगी म्हणाली, “त्यांचं एकपण वाक्य चुकू नये म्हणून इतका वेळ लागत होता.” विलंबाविषयी मुलांशी खरे बोलावे. महाडच्या दाव्याला दहा वर्षे लागली, हे ती स्वतः मोजून आलेली असतात.

तपासणी

लेखी परीक्षेत मी एकच प्रश्न विचारते. एका काल्पनिक वादाचा दहा ओळींचा मजकूर देते, आणि निकाल न विचारता न्यायालयासमोरचे मुद्दे कोणते व प्रत्येक मुद्दा सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, एवढेच लिहायला सांगते. वर्तमानपत्रातील एखादे वाक्यही तपासायला देता येते: ‘गुन्हा दाखल झाला’ म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का? बातमीत कलमांचे आकडे नवे दिसले तर १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, एवढे सांगून पुढे जावे.

पहिल्या तासिकेला प्रत्येक मुलाकडून महाडचा दावा कोण जिंकले असेल व का, हे दोन वाक्यांत लिहून घ्यावे आणि शेवटच्या दिवशी ते कागद परत द्यावेत. गेल्या वर्षी एका मुलाने पहिल्या कागदावर ‘न्यायाधीश चांगले होते म्हणून बाबासाहेब जिंकले’ असे लिहिले होते. तो कागद हातात घेऊन त्याने बराच वेळ पाहिला, ते वाक्य खोडले आणि खाली लिहिले, ‘वादींना वहिवाट सिद्ध करता आली नाही.’ मग हात वर करून त्याने विचारले, “बाई, आणि सिद्ध झाली असती तर?” १९३७ मध्ये त्याचे उत्तर कदाचित वेगळे आले असते. २६ जानेवारी १९५० पासून मात्र संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असलेली रूढी किंवा वहिवाट कितीही जुनी ठरली तरी कलम १३ पुढे टिकत नाही. मूलभूत हक्कांची उजळणी मी आता त्या मुलाच्या प्रश्नापासून सुरू करते.